सह्याद्रीच्या कडेला गार्डासारखं सरोवर का नाही?

प्रश्न वाचकांचे, उत्तरं भूगोलाच्या बाईंची

गेल्या दोन महिन्यांत सरोवरांवर बरीच पत्रं आली. एकातून दुसरा निघावा असे हे प्रश्न आहेत, म्हणून या अंकात तेवढेच घेतले आहेत. पावसाच्या अंदाजावरची आणि नकाशांवरची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : बाई, माझी मुलगी इटलीत व्हेरोनाजवळ असते. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो, तेव्हा तिनं गार्डा सरोवर दाखवलं. उत्तरेला रिव्हा गावात बघावं तर दोन्ही बाजूंचे कडे सरळ पाण्यात उतरलेले. दक्षिणेला पेस्किएराला आलो तर डोंगर गायब, नुसतं मोकळं रान, बुटक्या टेकड्या आणि द्राक्षाचे मळे. हे सगळं बर्फानं केलंय आणि सरोवर साडेतीनशे मीटर खोल आहे, असं मुलगी म्हणाली. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस काही कमी नाही, डोंगरही आहेत. मग सह्याद्रीच्या कडेला असं एकही सरोवर का नाही? राकसकोप आहे, पण तेही बांधलेलंच.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पाऊस भरपूर असला की सरोवर व्हायला हवं, असं वाटणं साहजिक आहे. पण सरोवराला पाण्याच्या आधी खड्डा लागतो, आणि खड्ड्याच्या बाबतीत पाऊस हा सरोवराचा वैरी आहे.

मलप्रभेचंच घ्या. शाळेत होते तेव्हा मुलांना मी कणकुंबीला उगमापाशी घेऊन जायची आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची : इथून कृष्णेपर्यंत ही नदी कुठं चढ चढते का? कुठंच नाही. कणकुंबीहून खानापूर, पुढं सौंदत्ती आणि शेवटी कूडलसंगम, सगळीकडं तिचं पात्र उतरतच जातं. वाटेत खोलगट जागा आली की नदी ती गाळानं भरून काढते. आडवा डोंगर आला की कापते. सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला वालुकाश्माची डोंगररांग नदीच्या आडवी आहे. मलप्रभेनं ती आरपार चिरली. त्याच खिंडीत पुढं माणसानं धरणाची भिंत घातली आणि मागं मैलोन्मैल पाणी साठलं. नदीनं जी वाट लाखो वर्षं खपून मोकळी केली, ती बुजवल्यावरच तिथं जलाशय झाला. पाऊस जितका जास्त तितकं नदीचं हे भरण्या-कापण्याचं काम जोरात. म्हणून आपल्या घाटमाथ्यावर नैसर्गिक तळं टिकत नाही.

यावर कुणी गोकाकचा धबधबा पुढं करेल. ५२ मीटरवरून घटप्रभा कोसळते, तिच्या खाली डोह आहेच की! आहे. पडत्या पाण्यानं डोह होतो, भोवऱ्यात गोटे फिरून रांजणखळगेही होतात. पण पडत्या पाण्याचा जोर संपला की डोहही संपतो. पन्नास किलोमीटर लांबीचा आणि शेकडो मीटर खोलीचा डोह वाहत्या पाण्याला खोदता येत नाही, कारण त्याचा तळ बाहेर पडायच्या तोंडापेक्षा खूप खाली जाईल आणि तिथला दगडधोंडा पाण्याला वर चढवून बाहेर काढता येणार नाही.

बर्फाला ते जमतं. हिमनदी वाहते ती तिच्या वरच्या पृष्ठभागाच्या उतारानं. वरची बाजू उतरती असली की खालचा तळ चढता असला तरी चालतं, मागचा प्रचंड भार पुढच्या बर्फाला चढावरही ढकलतो. शिवाय बर्फाच्या बुडाशी दाबाखाली सापडलेलं पाणी असतं, तेही खालचा चुरा उपसून बाहेर फेकतं. सुमारे वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, आल्प्समधून उतरलेला बर्फ गार्डाच्या दरीत शिरला होता. तुम्ही रिव्हाला जिथं उभे होतात, तिथं डोक्यावर हजार मीटरहून जाड बर्फ होता. नुसता बर्फ कातळाला फारसं काही करत नाही. पण त्याच्या तळाशी दगड गोठून बसलेले असतात. जात्याच्या तळीला टाकी लावली की ती जशी दाणा धरते, तसे हे दगड खालच्या कातळाला धरतात, ओरखडतात, फोडतात आणि पीठ करून पुढं ढकलतात.

आता दक्षिणेकडं या. दरी अरुंद आहे तोवर बर्फ जाड आणि जोरकस. डोंगर संपून मैदान लागलं की तो पंख्यासारखा पसरतो, पातळ होतो, ऊन लागून वितळतो. बरोबर आणलेला सगळा दगड, वाळू, चिकणमाती तिथंच टाकतो. तो ढीग म्हणजे हिमोढ. हवामान थोडं गार झालं की बर्फ पुढं येणार, थोडं उबदार झालं की मागं सरणार. त्यामुळं ढिगामागं ढीग, कमानीसारखे वळलेले, एकात एक. पेस्किएराच्या आसपास तुम्ही पाहिलेल्या बुटक्या टेकड्या त्याच. बर्फ कायमचा मागं गेला तेव्हा डोंगराच्या बाजूला खोदलेला खड्डा आणि मैदानाच्या बाजूला ढिगाऱ्याचा बांध, अशी जागा तयार होती. वितळपाण्यानं ती भरली.

या टेकड्यांना इतिहासातही जागा आहे. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनोची लढाई याच हिमोढांच्या टेकड्यांवर झाली. मैदानात अचानक उंचावलेली ती एकच जागा, तेव्हा सैन्यं तिच्यासाठी झुंजणारच. तिथले हजारो जखमी पाहून आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्यानं पुढं जे काम उभं केलं, त्यातून रेडक्रॉस जन्माला आली.

गार्डाची पातळी समुद्रसपाटीपासून फक्त ६५ मीटर उंच आहे आणि खोली ३४६ मीटर. म्हणजे तळ समुद्रसपाटीच्या २८० मीटर खाली. सरोवरातून निघणारी मिंचो नदी पो नदीला मिळून समुद्राला जाते, पण सरोवराचा तळ त्या समुद्राच्याही खाली आहे. एवढं सगळं एकट्या बर्फानं केलं का, यावर भूवैज्ञानिकांनी खूप विचार केला आहे. अनेकांचं म्हणणं असं, की सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी असलेला संबंध तुटत गेला, तो बराचसा आटला, आणि त्यात मिळणाऱ्या नद्यांनी खाली गेलेल्या समुद्राला गाठण्यासाठी खोल घळी कापल्या. गार्डा, कोमो, माज्जोरे या दक्षिण आल्प्समधल्या सरोवरांच्या बुडाशी तशाच जुन्या घळी आहेत. मला हे पटतं. तरीही घळीचं रुंद, उभ्या भिंतींचं पात्र करणं, तळ घासणं आणि पुढं बांध घालणं हे बर्फाचंच काम.

सह्याद्रीवर त्या हिमयुगात बर्फ साठला नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर, आणि आपण विषुववृत्ताच्या इतके जवळ. हिमनदी व्हायला इथं तेव्हा संधीच नव्हती. दख्खनच्या काळ्या पाषाणात खरा मोठा नैसर्गिक खड्डा आहे तो लोणारचा, आणि तो आकाशातून पडलेल्या अशनीनं केला.

मग आपल्याकडं उरतात ती माणसांची तळी. बेळगावचं किल्ला तळं असो, गावोगावचे तलाव असोत, नाही तर राकसकोपला मार्कंडेय नदीवर घातलेला बांध असो. हिमोढ आल्प्समध्ये जे करतो, ते इथं माणसांनी डोक्यावर माती वाहून केलं. म्हणून गावतळ्यात इमारतींचा राडारोडा टाकलेला दिसला की मला फार वाईट वाटतं. ते तळं बुजलं तर आपल्या भागात निसर्ग दुसरं करून देणार नाही.

प्रश्न : हिमालयात तर आजही हिमनद्या आहेत. मग हरिद्वार-ऋषिकेशला किंवा सिलिगुडीकडं, डोंगर संपून मैदान लागतं तिथं, आल्प्ससारखी मोठी सरोवरं का दिसत नाहीत?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, निपाणी

उत्तर : प्रश्न नेमका आहे. आल्प्सच्या दोन्ही अंगांना सरोवरांची माळ आहे. दक्षिणेला गार्डा, कोमो, माज्जोरे. उत्तरेला जिनिव्हा, कॉन्स्टन्स, बव्हेरियातलं कीमझे. दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियातलं नाउएल उआपी, न्यूझीलंडमधली पुकाकी आणि वाकाटिपू हीदेखील डोंगराच्या उंबऱ्यावरची. या सगळ्या ठिकाणी हिमयुगातला बर्फ डोंगरातून निघून पायथ्यापर्यंत, काही ठिकाणी मैदानातही पोहोचला होता.

हिमालयातला बर्फ इतका खाली आला नाही. गंगोत्रीची हिमनदी तिच्या मोठ्या विस्ताराच्या काळात आजच्या गोमुखापासून सुमारे ४० किलोमीटर खाली, झाला गावापर्यंत आली होती. तिथली उंची जवळजवळ अडीच हजार मीटर. ऋषिकेश साडेतीनशे मीटरवर. मधल्या साऱ्या उतारावर बर्फ नव्हता, नदीच होती. आल्प्स ४५ ते ४७ अक्षांशांवर, आपला उत्तराखंड ३० च्या आसपास. एवढा फरक बर्फाला पुरतो.

दुसरं कारण गाळाचं. समजा हिमालयाच्या पायथ्याशी खड्डा असताच, तर गंगा, कोसी, तिस्ता यांनी तो केव्हाच भरला असता. उत्तरेचं मैदान हे असं भरलेलंच आहे. पायथ्याजवळ तिथला गाळाचा थर काही किलोमीटर जाड आहे. म्हणून हिमालयातली हिमसरोवरं शोधायची तर उंचावर, हिमनद्यांच्या तोंडाशी जावं लागतं. ती सरोवरं वेगळ्या स्वभावाची असतात. पुढचं पत्र त्यांच्यावरच आहे.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. उत्तर सिक्कीममध्ये ड्युटी केली आहे, चुंगथांग चांगलं माहितीचं. २०२३ मध्ये तिथं सरोवर फुटून जे झालं ते टीव्हीवर बघून झोप लागली नाही. लोक सुट्टीला जातात ती युरोपातली सरोवरंही बर्फानंच केलेली म्हणता. मग ती फुटत नाहीत का?
– एक माजी सैनिक, बेळगाव

उत्तर : तुम्ही तिथं राहिलेले आहात, त्यामुळं चुंगथांगला लाचेन आणि लाचुंग या दोन नद्या मिळून तिस्ता कशी होते, हे तुम्हाला सांगायला नको. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते.

दक्षिण ल्होनाक हे सरोवर सुमारे ५२०० मीटर उंचीवर आहे. १९७० च्या दशकात ते लहानसं तळं होतं. हिमनदी वितळून मागं सरत गेली, तशी तिच्यापुढची जागा पाण्यानं भरत गेली आणि २०२३ पर्यंत त्याचं क्षेत्र दीड चौरस किलोमीटरच्या वर गेलं. पाण्याला अडवून धरलेलं होतं ते हिमोढानं. तुमच्या मनातला फरक इथंच आहे. गार्डाच्या बांधाला हजारो वर्षं झाली आहेत. तो किलोमीटरच्या किलोमीटर रुंद पसरलेला, दबून बसलेला, त्यावर गावं आणि मळे आहेत. ल्होनाकचा बांध कालपरवाचा. अरुंद, सुटा, आणि मातीदगडात बर्फ अडकलेला. तो बर्फच सिमेंटचं काम करतो, आणि हवा तापली की तोच आधी जातो.

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सरोवराच्या कडेचा पार्श्व हिमोढ घसरला. जवळजवळ दीड कोटी घनमीटर गोठलेली माती आणि दगड एकदम पाण्यात पडले. सुमारे २० मीटर उंचीची लाट उठली, समोरचा बांध ओलांडून गेली आणि जाताना त्याला खिंडार पाडलं. त्यातून सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी निसटलं. वाटेत काठ कोसळत गेले, पुराच्या पाण्यात दगडमाती मिसळत गेली आणि चुंगथांगला १२०० मेगावॅटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचं ६० मीटर उंच धरण वाहून गेलं. त्या सरोवरातलं पाणी कमी करायला २०१६ मध्ये सायफनचे पाईप टाकलेले होते. पण तीन पाईपांनी जेवढं जातं, त्याच्या कितीतरी पट हिमनदी आणून घालते.

असं काही पहिल्यांदाच झालं नव्हतं. नेपाळमधलं दिग त्सो ४ ऑगस्ट १९८५ ला फुटलं आणि नामचेचा नवा जलविद्युत प्रकल्प घेऊन गेलं. त्याही आधी पेरूमध्ये पाल्काकोचा सरोवर १३ डिसेंबर १९४१ ला फुटलं, खालच्या वाराझ शहराचा मोठा भाग गाडला गेला. पेरूनं त्या धक्क्यानंतर धोक्याच्या सरोवरांना बोगदे आणि चर काढून पाणी उतरवायला सुरुवात केली. नेपाळनं २००० साली त्सो रोल्पाची पातळी ३ मीटरनं उतरवली, २०१६ मध्ये इम्जा सरोवराची तीन मीटरहून थोडी जास्त. पाणी उतरवणं, बांधातून पक्की वाट काढून देणं आणि खालच्या गावात भोंगा बसवून लोकांना वर पळायची वाट शिकवणं, एवढ्या गोष्टी माणसाच्या हातात आहेत आणि त्या करता येतात. खर्चाचं कारण पुढं करून त्या लांबवल्या जातात याचा मला संताप येतो. धरण बांधण्याच्या पैशापुढं तो खर्च काहीच नाही.

आल्प्सच्या कडेची मोठी सरोवरं अशी फुटत नाहीत, पण ती सर्वस्वी निर्धोक आहेत असंही समजू नका. इसवी सन ५६३ मध्ये ऱ्होन नदीच्या दरीत डोंगर कोसळला आणि जिनिव्हा सरोवरात उठलेली लाट पार दुसऱ्या टोकाच्या जिनिव्हा शहरात शिरली. तेव्हाच्या बखरकारांनी ते लिहून ठेवलं आहे. सरोवराच्या तळाच्या गाळात आजच्या संशोधकांना त्याचा जाड थरही सापडला.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. इंटरनेटवर काही सरोवरांचं पाणी दूध घातल्यासारखं निळं-हिरवं दिसतं, काहींचं मात्र गडद निळं. फोटोत रंग भरतात का?
– एक विद्यार्थिनी, नंदगड

उत्तर : फोटोत रंग वाढवतात हे खरं, पण न्यूझीलंडचं पुकाकी डोळ्यांनी पाहिलं तरी तसंच दिसतं. हिमनदी कातळ दळते तेव्हा त्याचं इतकं बारीक पीठ होतं की ते महिनोन्महिने तळाला बसत नाही, पाण्यातच तरंगत राहतं. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं. उरलेला निळा-हिरवा प्रकाश या कणांवर आपटून परत आपल्या डोळ्यांकडं येतो. ज्या सरोवराला आजही हिमनदीचं पाणी थेट मिळतं, ते असं दुधी. गार्डासारख्या सरोवराला हिमनदी लांब पडली, वाटेतच पीठ बसून जातं, म्हणून तिथं पाणी नितळ आणि खोलीमुळं गडद. कोऱ्या भांड्यात आपल्या विहिरीचं पाणी आणि त्यात चिमूटभर रांगोळी टाकून उन्हात बघ. निळं दिसणार नाही, पण प्रकाश कसा पसरतो ते कळेल.

प्रश्न : आमची शेती येळ्ळूरच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या कडेला. दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी भातात शिरतं आणि गाळ सोडून जातं. तलावही असेच भरतात. मग एवढी मोठी सरोवरं गाळानं भरत नाहीत का? आणि काठच्या शेतीचं खत-औषध त्यात उतरत नाही का?
– एक शेतकरी, येळ्ळूर

उत्तर : भरतात. सरोवर जन्मलं त्याच दिवसापासून भरायला लागतं. नदी आत येताच तिचा वेग पडतो, जड वाळू-गोटे तोंडाशीच बसतात, बारीक गाळ आत जाऊन बसतो. ऱ्होन नदी जिनिव्हा सरोवरात गढूळ शिरते आणि दुसऱ्या टोकाला जिनिव्हा शहरातून स्वच्छ बाहेर पडते. मधला गाळ जातो कुठं? सरोवरातच राहतो.

बव्हेरियातलं कीमझे बर्फ हटला तेव्हा आजच्या जवळजवळ तिप्पट होतं. टिरोलर आखेन नदीनं वरच्या बाजूनं भर घालत घालत ते ८० चौरस किलोमीटरवर आणलं आहे. त्याच्या शेजारी, रोझेनहाइम शहर वसलंय त्या जागी याहून मोठं सरोवर होतं. ते पूर्ण संपलं, आता तिथं सपाट जमीन, गावं आणि शेती. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला जे शिवार म्हणून दिसतं, ते कधीकाळी सरोवराचा तळ असू शकतं. कॉन्स्टन्स सरोवरात ऱ्हाइन इतका गाळ आणत होती की काठच्या गावांत पूर यायचे. शेवटी १९०० साली फुसाखजवळ नदीला नवी सरळ वाट काढून दिली, आणि तेव्हापासून तिचे बांध सरोवरात आत आत वाढवत न्यावे लागत आहेत, म्हणजे गाळ खोल पाण्यात पडावा.

गार्डाचं नशीब थोडं बरं. त्यात येणारी सार्का नदी लहान, त्यामुळं गाळ कमी. पण पाणी कमी येतं म्हणून ते बदलतही सावकाश. सरोवरातलं सगळं पाणी एकदा बदलून जायला हिशेबानं २६-२७ वर्षं लागतात. यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ओढ्यात गेलेलं खत पावसाबरोबर निघून जातं, खोल सरोवरात गेलेलं तिथंच मुरतं. कॉन्स्टन्समध्ये १९७० च्या दशकात फॉस्फरस इतका वाढला की पाण्यावर शेवाळाचे थर यायला लागले. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या काठच्या तिन्ही देशांनी मिळून सांडपाणी शुद्ध करायची केंद्रं उभारली, साबणाच्या पावडरीतला फॉस्फेट कमी केला, आणि पुढच्या तीसेक वर्षांत पाणी पुन्हा नितळ झालं. लाखो लोक आज तेच पाणी पितात.

आपल्या तलावांचा एक फायदा त्या सरोवरांना नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा गाळ काढून शेतात टाकता येतो. तलावाची साठवण वाढते आणि शेताला काळी माती मिळते. तुमच्या गावानं हे सामुदायिक काम म्हणून ठरवलं तर एप्रिल-मे सोडू नका, आणि गाळाबरोबर खालचा चिकण थर खरवडू नका. तो गेला की पाणी झिरपायला लागतं.

प्रश्न : गोकाकच्या बाजूला कातळावर समांतर रेघाच रेघा दिसल्या. फोटो जोडला आहे. पूर्वी आपल्याकडं हिमनदी असल्याचा हा पुरावा आहे का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, हुक्केरी

उत्तर : नाही, पण फोटो फार चांगला आहे आणि तुमची नजरही. या रेघा उथळ पाण्याच्या लाटांनी वाळूवर उमटवलेल्या आहेत. नदीकाठच्या ओल्या वाळूवर आजही अशा दिसतात. गोकाकचा वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट (वालुकाश्मच, पण घट्ट होऊन फार कठीण झालेला) कलादगी नावाच्या खडकगटातला, १०० कोटी वर्षांहून जुना. म्हणजे ती वाळू भिजली होती तेव्हा जमिनीवर एक झाड नव्हतं. ओळखायची खूण अशी : लाटांच्या रेघांना गोलसर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये सारख्या अंतरावर खोलगट भाग असतो. हिमनदीचे ओरखडे घासून गुळगुळीत झालेल्या कातळावर असतात, सरळ आणि कापल्यासारखे, कुठं खोल तर कुठं उथळ.

तसे ओरखडे पाहायचे असतील तर चंद्रपूर जिल्ह्यात इरईला जा. महाराष्ट्रात खरोखर हिमनदी होती, फक्त शेवटच्या हिमयुगात नव्हे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. भारत तेव्हा आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकाला जोडलेला होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. इरईला चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत आणि वर तिनं टाकलेल्या गोट्यांचा थर. ओडिशात तालचेरला असाच थर पाहून १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी हे बर्फाचं काम असावं असं मांडलं. उष्ण प्रदेशात बर्फ कसा, म्हणून तेव्हा अनेकांना ते पचलं नाही.

बेळगाव जिल्ह्यात त्या काळाचे खडकच नाहीत. खाली कलादगीचे फार जुने थर, त्यावर थेट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा, आणि माथ्यावर जांभा. शेवटच्या हिमयुगाचा आपल्या भागाशी संबंध आला तो समुद्राकडून. जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. चोर्ला घाटाच्या कड्यावरून पश्चिमेला बघाल तेव्हा लक्षात घ्या, त्या वेळी किनारा आजच्या गोव्याच्या किनाऱ्याच्या खूप पुढं, पश्चिमेला होता.

प्रश्न : आठवीच्या मुलांना हिमोढ आणि सरोवर शिकवायचंय. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो लस्सीच्या गाड्यावरचा. वर्गात करून दाखवता येईल असं काही सुचवा.
– एक शिक्षक, चंदगड रस्त्यावरचं एक गाव, बेळगाव तालुका

उत्तर : जरूर. हा प्रयोग मी वर्गात करून घ्यायची, आणि धड्यापेक्षा तोच मुलांच्या लक्षात राहायचा. आदल्या दिवशी प्लॅस्टिकच्या डब्यात तळाला मूठभर बारीक खडी आणि वाळू टाका, वर पाणी घाला आणि गावात कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. गणपतीतला उरलेला शाडू भिजवून मोठ्या परातीत दोन-तीन बोटं जाडीचा थर द्या. परातीखाली एका बाजूला वीट ठेवून उतार करा. चमच्यानं वरून खाली एक चर ओढा. ही नदीची दरी. तिच्यात पाणी सोडून दाखवा, ते थांबणार नाही, सरळ खालच्या कडेला जाईल.

मग बर्फाची वडी खडीची बाजू खाली करून चराच्या वरच्या टोकाला ठेवा आणि दाबत दाबत पुढं सरकवा. मागं घ्या, पुन्हा सरकवा. मुलांनाच करू द्या, हात गारठले की दुसऱ्याची पाळी. परातीच्या मध्याच्या थोडं पुढं थांबा आणि वडी तिथंच वितळू द्या. चर रुंद झालेला दिसेल, त्यावर ओरखडे दिसतील, वडीच्या पुढं शाडू आणि खडीचा बांध साचलेला असेल आणि वितळपाणी त्याच्या मागं साठून राहील. मघाशी याच परातीत पाणी थांबत नव्हतं, हे मुलांकडूनच वदवून घ्या.

परात तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी वरच्या टोकानं चमच्याचमच्यानं गढूळ पाणी सोडायला सांगा. सोडण्याआधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या, हे तळं कुठल्या बाजूनं भरत येईल, बांधाच्या की डोंगराच्या.